अक्काची दहा मिनिटं

मंगळवारी सकाळी पावणेअकराला ऑफिसातला फोन वाजला, तेव्हा माझ्यासमोर कपाशीच्या दुसऱ्या वेचणीचे तक्ते पसरलेले होते. पलीकडून भाऊजी बोलत होते, त्यांच्या गावातल्या दुकानाच्या फोनवरून. "बापू, अक्का गेली," एवढंच म्हणाले. मी विचारलं, "किती वाजता?" दुसरं कुणी असतं तर काय झालं, कसं झालं असं विचारलं असतं. मी वेळ विचारली. "सातच्या सुमाराले," भाऊजी म्हणाले, आणि मी समोरच्या तक्त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं सात लिहिला. तो तक्ता पुढे वरच्या कार्यालयात गेला. कोपऱ्यातला सात खोडायचा राहून गेला.

या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. इंदूअक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मुकुटबनच्या अलीकडे एका लहान गावात तिचं घर, सात एकर कोरडवाहू शेत, त्यात कपाशी आणि तूर. मी वणीत राहतो आणि कृषी खात्यात आकडेवारीचं टेबल सांभाळतो. यादीतून ज्याचा क्रमांक निघेल त्या शेतात जायचं, दोरीनं एक चौकोन आखायचा, तेवढ्यातलंच पीक काढून वजन करायचं आणि त्यावरून सगळ्या गावाला किती पिकलं ते सांगायचं, हे आमचं काम. बावीस वर्षं हेच करतो आहे. कपाशीची ही वाईट वर्षं सुरू झाल्यापासून आमच्या त्या चौकोनाला फारच वजन आलं. मुंबई-दिल्लीहून माणसं येतात, फॉर्म भरून नेतात, पुन्हा येतात. सगळं मोजून झालं आहे असं वाटतं. अक्काला जे दुखत होतं ते मात्र कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हतं.

मी तिला एक कागद करून दिला होता. रोजच्या दुखण्यासोबत कसं राहायचं, याचा. अकरा ठिकाणचे सल्ले तपासून, त्यांना गुण देऊन, त्यातला सगळ्यात चांगला निवडून मी तो लिहून काढला होता. लिहिताना त्यातला एक मजकूर मी गाळला. चुकून नाही, विचार करून. अक्का गेल्यापासून मी त्या गाळलेल्या मजकुराभोवती फिरतो आहे. तो कागदावर असता तर ती वाचली असती का, एवढाच प्रश्न आहे. त्याचं उत्तर मिळत नाही, आणि मला स्वस्थ बसवत नाही.

तिचं दुखणं सुरू झालं ते धाकट्या मुलीचं लग्न उरकल्यानंतरच्या वर्षी. आज मान, उद्या मांड्या, परवा दोन्ही दंड. सकाळी उठली की अंगावरून बैलबंडी गेल्यासारखं वाटतं म्हणायची. रक्त तपासलं, फोटो काढले, सगळं नॉर्मल. लग्नाआधीपासून अक्काचा हात वेचणीत असा चालायचा की तिच्या बाजूच्या ओळीला दुसरी बाई लागायला कचरायची, त्यामुळे ती मध्येच बसायला लागली तेव्हा गावात लगेच दिसलं. इंदूबाईला कामाचा कंटाळा आला, असं बायका म्हणू लागल्या. भाऊजी मनानं वाईट माणूस नाहीत, पण तेही म्हणाले, "सारे कागद चांगले आले ना? मंग दुखते कायले?" खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. मी बोललो नाही एवढंच. कागदावर काही नाही आणि माणूस म्हणतो आहे, अशा वेळी कागदावर विश्वास ठेवायची मला सवय आहे.

एकदा झरीकडे कामाला जाताना मी न कळवता तिच्या घरी थांबलो. पाहावं, असा हेतू होता, लपवत नाही. दुपारची वेळ, दार उघडंच. अक्का बाजेवर पालथी पडून होती, डोकं बाजेच्या कडेवरून खाली सोडलेलं, केस जमिनीला टेकलेले. हात खांद्याच्या वर जात नव्हते, म्हणून ती केस असे खाली लोंबू देऊन बांधत होती. एक वेढा झाला की थांबायची. हात खाली टेकवायची. पुन्हा एक वेढा. मी दारात उभा राहून पाहत राहिलो, किती वेळ ते मोजलं नाही. तिला सावली दिसली तेव्हा उलट्या चेहऱ्यानंच म्हणाली, "पाहून घेतलं? लिव आता."

त्या दिवसापासून मी तिच्या बाजूचा झालो. पण माझ्या पद्धतीनं.

यवतमाळला तिला घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरांनी अंगावर ठिकठिकाणी अंगठ्यानं दाबून पाहिलं, बराच वेळ प्रश्न विचारले, झोप कशी लागते ते तीनदा विचारलं आणि सांगितलं की याला फायब्रोमायल्जिया म्हणतात. स्नायूंचं जुनाट दुखणं. तपासणीत दिसत नाही, पण असतं. जिवाला धोका नाही, पूर्ण जातही नाही. गोळ्यांचा उपयोग थोडा, बाकी रोजचं रोज स्वतःच सांभाळायला शिकावं लागतं. परतीच्या एसटीत अक्का खिडकीशी बसली होती. अर्ध्या वाटेत म्हणाली, "नाव हाय म्हंजे हाय. नाही का बापू?" मी हो म्हटलं. "मंग तुह्या भाऊजीले लिवून दे. मोठ्या अक्षरात." मी तिकिटाच्या पाठीमागे लिहून दिलं. भाऊजींनी ते तिकीट देवघरातल्या डबीत ठेवलं. अजून तिथेच आहे.

स्वतः सांभाळायचं म्हणजे काय, ते मात्र कुणी नीट सांगत नव्हतं. किंवा सगळेच सांगत होते. मी गोळा करायला लागलो. बसस्टँडवर मिळणारं एक पुस्तक, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतली तीन कात्रणं, टीव्हीवर सकाळी सांगतात ते आसनांचं, एका तेलवाल्याचं पत्रक, ध्यानाची एक कॅसेट, नागपूरच्या एका नातेवाइकांनी पाठवलेलं पथ्याचं पत्र, बायकोच्या मावशीचा आंबट आणि वांगं बंद करण्याचा सल्ला, मुंबईहून मागवलेलं एक जाड पुस्तक, आणि यवतमाळला व्यायामोपचार शिकवणाऱ्या बाईंनी दिलेली बारा पानांची पुस्तिका. एकूण अकरा. प्रत्येकाला मी पाच प्रश्न लावले, प्रत्येक प्रश्नाला दहा गुण. पूर्ण बरं करण्याचं वचन देतो का? देत असेल तर गुण कमी. लागणाऱ्या वस्तू घरात आहेत का? कापूस वेचणारी बाई हे करू शकते का? केलं तर फरक मोजता येईल का? आणि पाचवा, वाचून मनाला धीर येतो का?

दर रविवारी मी तिच्याकडे जायचो आणि एकेक सल्ला वाचून दाखवायचो. तिसऱ्या प्रश्नाचे गुण अक्काच द्यायची, आणि हात आखडून द्यायची. जाड पुस्तकात लिहिलं होतं की काम करताना पाठीला आधार असलेल्या खुर्चीवर बसावं. "कपाशीत खुर्ची नेऊ? अन् पंखा कोन धरते, तू?" एका कात्रणात कोमट पाण्याच्या तलावात पोहायला सांगितलं होतं. त्याला तिनं शून्य दिलं, आणि मग थोडं थांबून म्हणाली, दोन दे, ऐकून बरं वाटलं. ताण टाळा, असं तर अकरापैकी आठांनी लिहिलं होतं. "बोंडअळीले वाचून दाखव ते," ती म्हणाली. चांगला विचार करत राहण्याचा प्रयोग तिनं आठवडाभर खरंच केला. नंतर म्हणाली, "दुखते तं दुखतेच. वरून इचार करू करू डोकं बी दुखून राह्यलं."

बारा पानांच्या पुस्तिकेला सगळ्यात जास्त गुण मिळाले. पन्नासपैकी एकोणचाळीस. ती वचन देत नव्हती. बरं वाटलं की खूप काम आणि मग चार दिवस आडवं, हे चक्र तोडा, असं सांगत होती. दुखणं विचारून काम करू नका, घड्याळ विचारून करा. थोडं काम, थोडी विश्रांती. बरं वाटत असलं तरी बसायचं, दुखत असलं तरी जमेल तेवढं हलायचं. झोपायची वेळ ठरलेली, सकाळी गरम पाण्याचा शेक, रोज थोडं चालणं. तिला पहिल्या चार प्रश्नांत छत्तीस गुण होते. पाचव्यात मी दहापैकी तीनच दिले. सात गुण मी शेवटच्या पानावरच्या चौकटीसाठी कापले.

चौकटीचं सांगतो, पण त्याआधी माझ्या पहिल्या चुकीचं. अक्का पुस्तिकेप्रमाणे वागून पाहायला लागली. फरक मोजायचा कसा, तर मी वेचलेल्या कापसाचे किलो धरले. किती दुखतं हे माणसाच्या तोंडचं, काटा कुणाचं ऐकत नाही, असा माझा हिशोब. संध्याकाळी धुऱ्यावर, शेताच्या बांधाशी, प्रत्येकीचा कापूस मोजतातच, अक्काचाही आकडा भाऊजी लिहून ठेवायचे. पहिल्या आठवड्यात अठरा, वीस, एकोणीस. दुसऱ्या आठवड्यात एकदम अडतीस. मी खूश झालो, तिथल्या तिथे पुस्तिकेच्या नावापुढे खूण केली. पुढच्या रविवारी गेलो तर अक्काला भाऊजी चमच्यानं भात भरवत होते. बोटं मिटत नव्हती. मी विचारलं, घड्याळ सोडून एवढं वेचलं काहून? ती म्हणाली, "तुले किलो पायजे होते ना. घे."

तिच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. मी किलोचा रकाना खोडला आणि शून्य ते दहा असा दुखण्याचा रकाना काढला. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. रोज संध्याकाळी तिनं एक आकडा लिहायचा, रविवारी सकाळी आठला दुकानातून मला फोन करून सातही वाचून दाखवायचे. तिला हे आवडलं. काही दिवसांनी म्हणाली, की दुखतंय म्हटलं तर घरात कुणी मान वर करत नाही, सात म्हटलं की भाऊजी पाणी तापवायला ठेवतात. ती आता आकड्यातच बोलायला लागली. आज चार हाय, भाकरी करतो. आज आठ हाय, मले बोलू नोका. इतकी वर्षं तिचं कुणी खरं मानलं नव्हतं, आणि आता एक अंक उच्चारला की मानत होते. तो अंक मी दिला, याचा मला अभिमान होता. हे आता लिहायला हरकत नाही.

मग मी तो कागद केला. फुलस्केपच्या एका बाजूला, जाड काळ्या शाईत, चौथी शिकलेल्या बाईला चष्म्याशिवाय वाचता येईल असा. पुस्तिकेतलं सगळं क्रमानं उतरवलं आणि चौकटीपाशी थांबलो. त्या चौकटीत जे होतं ते असं: नवीन दुखणं आलं, नेहमीपेक्षा वेगळं वाटलं, छातीत दाबल्यासारखं झालं, कळ हातात, जबड्यात किंवा पाठीच्या वरच्या भागात गेली, घाम सुटला, दम लागला, तर ते जुन्या दुखण्यात धरू नका; शेकत बसू नका, लगेच दवाखान्यात जा. एवढंच. पण त्याच्या आदल्या महिन्यात दुसऱ्या एका कात्रणात काहीबाही वाचून अक्का तीन दिवस जेवली नव्हती. या दुखण्यानं माणूस मरतो का, असं तिनं मला दोनदा विचारलं होतं आणि मी दोनदा नाही म्हटलं होतं, कारण डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं. जे होणार नाही ते रोज भिंतीवर कशाला वाचायला लावायचं? मी चौकट सोडून दिली आणि त्या जागी झोपेची वेळ जरा मोठ्या अक्षरात लिहिली. कागद चुलीच्या वर, धूर लागणार नाही अशा बेतानं चिकटवला.

तीन हंगाम तो कागद चालला, आणि चांगला चालला, हेही सांगायला हवं. वीस मिनिटं काम, दहा मिनिटं बसणं. त्यासाठी मी तिला एक छोटं फिरवायचं घड्याळ आणून दिलं, कुकरची वेळ लावायला बायका वापरतात तसलं. वीसवर फिरवलं की वीस मिनिटांनी टिर्रकन वाजतं. अक्का ते कमरेला बांधायच्या, कापूस भरायच्या ओटीत घालून शेतात न्यायची. त्याला ती मास्तर म्हणायची. मास्तर बस म्हणाला की बसायचं, मग हातात बोंड असो की घास. वेचायला आलेल्या बायका हसायच्या, अक्का तुमच्या शाळेची घंटी झाली म्हणायच्या. भाऊजींना सुरुवातीला लाज वाटली. मालकीण बसलेली आणि मजूर बाया उभ्या, लोक काय म्हणतील म्हणून ते घंटी झाली की नाल्याकडे निघून जायचे. मग एक दिवस भीमाबाई नावाची कोलाम आदिवासी बाई, अक्काच्याच वयाची, घंटी झाल्यावर येऊन शेजारी टेकली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी. अक्कानं मला फोनवर सांगितलं, "माही शाळा भरली."

आणि मी आठवड्याची बेरीज मारून पाहिली होती, गुपचूप. एक दिवस अडतीस आणि मग चार दिवस आडवं, यापेक्षा रोजचे चोवीस जास्त होत होते. हे भाऊजींना दाखवलं तेव्हा त्यांचं नाल्याकडे जाणं थांबलं. दुखण्याचे आकडेही खाली आले होते. पाच, चार, सहा, चार. मी एका रजिस्टरला दर आठवड्याची सरासरी काढत होतो. अक्का केस पुन्हा उभ्यानं बांधायला लागली.

शेवटचा रविवार. आठ वाजून चार मिनिटांनी फोन आला. मी चार मिनिटं वाट पाहिली होती हे लक्षात आहे, कारण मला घाई होती. दुसऱ्या वेचणीचे तक्ते मंगळवारी द्यायचे होते आणि दोन गावांची वजनं जुळत नव्हती. अक्का वाचू लागली. पाच. पाच. चार. सहा. पाच. मग नऊ, आणि पुन्हा नऊ. मी विचारलं, कुठे दुखतं? पाठीत वरतं, म्हणाली, अन् हातात. जास्त वेचलंस का? नाही, मास्तरला विचारूनच केलं. आवाज जरा धापेचा होता, पण दुकानापर्यंत चालून आली असेल, असं मी धरलं.

"पन ह्ये येगळंच हाय बापू," ती म्हणाली.

"वेगळं म्हणजे? आकडा नऊच ना?"

"नऊच…" ती थांबली. "दहा म्हंजे सहन होत नाही असं हाय ना तुह्या कागदावर? सहन तं होऊन राह्यलं."

"मग दोन दिवस शेतात जाऊ नको. शेक घे. सगळं कागदावर आहे."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला. मी रजिस्टरला दोन नऊ लिहिले आणि सरासरी सहा पूर्णांक एक दशांश आली ती लिहिली. मग वजनं जुळवायला बसलो.

सोमवारी तिनं शेक घेतला. मंगळवारी पहाटे उठून चहा ठेवला, घाम आला म्हणून दारात येऊन बसली. भाऊजी शेजाऱ्याची जीप घेऊन येईपर्यंत… मुकुटबनच्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं की हृदयाचा झटका असावा, तीन-चार दिवस चालू असेल. म्हणजे त्या पाच आकड्यांनंतरचे दोन आकडे स्नायूंचे नव्हतेच. मी ते त्याच रकान्यात बसवले, कारण माझ्याकडे रकाना एकच होता.

तेराव्यानंतर मी वणीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. पुस्तिका दाखवली, कागद दाखवला, चौकट कुठे गाळली ते दाखवलं. रविवारीच दवाखान्यात नेलं असतं तर वाचली असती का, असं विचारलं. शक्यता चांगली होती, ते म्हणाले. चांगली म्हणजे किती? त्यांनी पुस्तिका मिटून माझ्याकडे दिली. "साहेब, तुम्हाला टक्के पाहिजेत. ते माझ्याकडे नाहीत." मी पुन्हा आठ दिवसांनी गेलो. तेच विचारलं. त्यांनी तेच सांगितलं, पण या वेळी बसायला खुर्ची पुढे केली.

घरी मी तो कागद पुन्हा पुन्हा लिहून पाहायला लागलो. चौकट वर, चौकट खाली, चौकट लाल शाईत. ऑफिसातून आलो की टेबलाशी बसायचं आणि लिहायचं. माझी बायको मंगला सहसा माझ्या कागदांत पडत नाही. एका संध्याकाळी ती शेंगा सोलत समोर बसली होती, आणि मी तिला विचारलं की कुठल्या जागी चौकट असती तर अक्काची नजर नक्की गेली असती? ती सोलत राहिली. मग म्हणाली, "अक्कांनी तुम्हाला तोंडानं सांगितलं होतं, वेगळं आहे म्हणून. चौकटीत तरी दुसरं काय लिहिलंय? तुम्ही त्यांना आकडा विचारलात."

मला तिचा राग आला. उठून बाहेर गेलो, राजूरच्या रस्त्यानं कोळशाचे ट्रक जातात तिथपर्यंत चालत गेलो, परत आलो. तिनं शेंगा तशाच ठेवल्या होत्या, माझ्या वाट्याच्या. मी सोलायला बसलो. तिचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही. कागदावरची चूक मी दुरुस्त करू शकतो. माझ्यासारखे कागद करणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांनी ती करावी, म्हणून वर चौकटीतला मजकूर पुरा दिला आहे. धीर देणारा सल्ला चांगला आणि भीती घालणारा वाईट, असे गुण मी दिले. तिथेच माझं गणित चुकलं. पुस्तिकेला त्या चौकटीसाठी मी आता पुरे दहा देतो, एकूण सेहेचाळीस. पण अक्का फोनवर एक शब्द बोलली होती आणि मी तो शब्द ऐकून आकडा मागितला, हे कुठल्या प्रश्नात घालून किती गुण कापायचे ते मला समजत नाही.

मागच्या रविवारी भाऊजींकडे गेलो. आठ वाजता घरी थांबवत नाही, म्हणून सकाळच्या पहिल्याच गाडीनं निघालो. घराला कडी होती. शेतात गेलो तर तिसरी वेचणी चालू होती, कापूस आता पातळ, एका झाडाला दोन-तीन बोंडं. भाऊजी, भीमाबाई आणि आणखी तिघी. मी नवा कागद नेला होता, भीमाबाईसाठी. तिच्याही पाठीचं काही चाललेलं असतं, असं अक्का सांगायची. चौकट सगळ्यात वर, आणि आकड्याच्या शेजारी एक रुंद रकाना, बिनआकड्याचा, हवं ते लिहायला. भीमाबाईला वाचता येत नाही, हे मला तिथे गेल्यावर कळलं. भाऊजी म्हणाले, ठेवून दे, मी वाचून दाखवीन. मग मीच चौकट वाचून दाखवली. तिनं पूर्ण ऐकलं, पुन्हा एकदा वाचायला सांगितलं, आणि ओळीला लागली.

मीही एक ओळ धरली. हात चालत नव्हता, पण नुसतं उभं राहवत नव्हतं. थोड्या वेळानं भाऊजींच्या कमरेजवळ टिर्र झालं. त्यांनी ओटी बांधली होती, अक्काची, काठाला हिरवी पट्टी असलेली, आणि मास्तर तिच्यात होता. त्यांनी घड्याळ काढलं, दहावर फिरवलं आणि धुऱ्यावर जाऊन बसले. बायका बसल्या. मी पण जाऊन बसलो, भाऊजींच्या शेजारी. समोर रान, त्याच्यापलीकडे झरीकडचं जंगल. बसून काय करायचं ते मला कळेना. बोटांना लागलेले कापसाचे तंतू काढले. उरलेल्या ओळी मोजल्या. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मग उठलो, ओळीकडे निघालो.

"बस ना बापू," भाऊजी मागून म्हणाले. त्यांनी घड्याळ हातात धरून पाहिलं. "तिचे सहा मिनिटं बाकी हायेत."